कपाळाची त्वचा आणि मेंदूचा संकेत: एफ-निर्स प्रकल्पाच्या नोंदी

३ मार्च २०२५

यंत्र बसवून झाले आणि आज प्रकल्पाची पहिली बैठक पार पडली. निकट-अवरक्त प्रकाशाने मेंदूतील रक्तप्रवाहाचे मापन (यालाच एफ-निर्स म्हणतात) करताना त्वचा, हृदय, श्वास आणि रक्तदाब यांचे जे संकेत त्यात मिसळतात, ते कमी करण्याची खात्रीलायक पद्धत आमच्या प्रयोगशाळेसाठी ठरवून द्यायची, एवढेच काम माझ्याकडे आहे. मेंदूविषयी नवा शोध लावणे हा या प्रकल्पाचा हेतू नाही, हे सरांनी दोनदा बजावले, आणि ते बरेच झाले.

मूळ तत्त्व साधे आहे. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाश शरीरातील ऊतींमध्ये बराच खोलवर जातो, कारण तेथे पाणी आणि हिमोग्लोबिन दोन्ही त्याला तुलनेने कमी शोषतात. फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये या पट्ट्याचा उपयोग करून जिवंत मेंदूतील ऑक्सिजनची स्थिती बाहेरून पाहता येते हे दाखवले, आणि १९९३ च्या सुमारास अनेक गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मेंदू एखादे काम करत असताना होणारे बदल या रीतीने टिपले. आमचे यंत्र ७६० आणि ८५० नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबी वापरते. पहिलीवर ऑक्सिजन गमावलेले हिमोग्लोबिन अधिक प्रकाश शोषते, दुसरीवर ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन; त्यामुळे दोन समीकरणे मांडून दोन्ही प्रकारांतील बदल वेगळे काढता येतात.

अडचणीचे मूळही याच मांडणीत आहे. प्रकाशस्रोत आणि शोधक डोक्यावर ३ सेंटीमीटर अंतराने ठेवले, तर शोधकापर्यंत पोचणारा प्रत्येक किरण जाताना एकदा आणि परतताना एकदा, असा दोन वेळा त्वचेतून आणि कवटीतून जातो आणि त्याच्या वाटेचा लहानसा भागच मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे बाहेरच्या थरातून, गेलेला असतो. म्हणजे आमच्या मोजणीत त्वचेला दोन दारे आहेत आणि मेंदूला एक खिडकी.

११ मार्च

पहिली तीन मापने केली. त्यांतून हाती आलेली माहिती संकेतांपेक्षा केसांविषयीच अधिक होती. दाट, काळे केस प्रकाश शोषतात आणि स्रोत आणि शोधक बसवलेल्या टोपीखाली दबलेली एक बट संपूर्ण चॅनेल, म्हणजे स्रोत-शोधकाची एक जोडी, निकामी करू शकते. प्रत्येक छिद्रातून केस बाजूला सारण्यासाठी आम्ही क्रोशाची बोथट सुई वापरतो. एका सहभागीच्या डोक्यावर यात पाऊण तास गेला. खोबरेल तेल लावून आलेल्या दुसऱ्या सहभागीची टोपी दर पाच मिनिटांनी सरकत होती. सहभागींना पाठवायच्या सूचनापत्रात ‘आदल्या दिवशी केस धुवावेत आणि तेल लावू नये’ ही ओळ आजच घातली. कपाळावरची टिकली काढून ठेवावी, हे प्रत्येकीला समक्ष सांगायचे ठरले.

चॅनेल चांगले बसले आहे की नाही हे ओळखण्याची सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे हृदयाचा ठोका. प्रकाश खरोखर ऊतींमधून जात असेल, तर दोन्ही तरंगलांबींवर नाडीचा तोच ताल दिसला पाहिजे. दोन्ही संकेत ठोक्याच्या पट्ट्यात गाळून त्यांचा सहसंबंध काढला की एक निर्देशांक मिळतो, आणि तो कमी असलेली चॅनेल आम्ही विश्लेषणापूर्वीच वगळणार आहोत. ज्या ठोक्याला पुढे आम्ही नको असलेला संकेत म्हणणार आहोत, तो सुरुवातीला दिसलाच नाही तर मापन पुन्हा करावे लागते.

येथे ताकुओ आओयागी यांची आठवण होते. जपानमधील हे अभियंता १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण रंगद्रव्य आणि प्रकाश यांच्या साहाय्याने मोजत होते आणि नाडीच्या स्पंदनामुळे त्यांचा आलेख सारखा बिघडत होता. ते स्पंदन पुसून टाकण्याच्या खटपटीत, त्याच स्पंदनावरून रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण काढता येईल हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून पल्स ऑक्सिमीटर जन्माला आला. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला लावलेल्या त्या चिमट्याचे कूळ हे असे आहे. सर म्हणाले की आपल्याकडून तेवढ्या मोठ्या अपघाताची अपेक्षा नाही.

२२ मार्च

दहा मिनिटांच्या विश्रांतीतील नोंदीचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर किती चढउतार आहे याचा आलेख, काढला. सहभागी खुर्चीत शांत बसला होता आणि त्याला कोणतेही काम दिलेले नव्हते. तरीही आलेखावर तीन उंचवटे स्पष्ट दिसतात. १.२ हर्ट्झच्या आसपासचा टोकदार उंचवटा हृदयाचा आहे, म्हणजे मिनिटाला ७२ ठोके. ०.२५ हर्ट्झजवळचा रुंद, बसका उंचवटा श्वासाचा आहे. तिसरा ०.१ हर्ट्झजवळ, म्हणजे दर दहा सेकंदांनी एकदा येणारा, रक्तदाबातील संथ हेलकाव्याचा आहे. त्याला झिगमुंड मायर यांच्यावरून मायर तरंग म्हणतात, आणि त्यांनी तो १८७६ मध्ये नोंदवला होता. यांशिवाय त्याहूनही संथ असे चढउतार आहेतच.

हृदयाचा उंचवटा काढणे सोपे आहे, कारण मेंदूच्या रक्तप्रवाहाची प्रतिक्रिया पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठणारी, मंद असते आणि एका सेकंदात होणाऱ्या बदलांशी तिचा संबंध नसतो. मात्र यालाही एक अट आहे, ती म्हणजे नमुने पुरेशा वेगाने घेतलेले असावेत. आमचे यंत्र सेकंदाला दहा नमुने घेते, त्यामुळे चिंता नाही. पण पुष्कळ चॅनेल आळीपाळीने वाचणारी संथ यंत्रे सेकंदाला एखादाच नमुना घेत असतील, तर १.१ हर्ट्झचा ठोका घडी पडून ०.१ हर्ट्झवर उतरेल आणि मायर तरंगाच्या वेषात वावरेल, आणि मग कोणतीही गाळणी (ठरावीक पट्ट्याबाहेरच्या वारंवारता काढून टाकणारी प्रक्रिया) त्याला ओळखू शकणार नाही.

खरी अडचण मायर तरंगाची आहे. आमच्या पहिल्या आराखड्यात बोटे टेकवण्याचे काम पाच सेकंद आणि विश्रांती पाच सेकंद अशी योजना होती. आज हिशेब करताना लक्षात आले की याचा आवर्तनकाळ नेमका दहा सेकंद होतो. म्हणजे ज्या वारंवारतेवर शरीर स्वतःहून हेलकावते, तीच आम्ही प्रयोगासाठी निवडली होती. हा आराखडा रद्द केला. आता विश्रांतीचा काळ प्रत्येक वेळी वेगळा, पंधरा ते पंचवीस सेकंदांच्या दरम्यान यादृच्छिकपणे निवडलेला असेल, जेणेकरून सहभागीचे शरीर पुढच्या सूचनेची वाट पाहत तिच्याशी ताल जुळवणार नाही.

२६ मार्च

आजची नोंद स्वतःच्या चुकीची आहे. एमएनई-पायथॉन या मुक्त संगणकप्रणालीच्या शिकवणीत बोटांच्या हालचालीच्या उदाहरणासाठी ०.०५ ते ०.७ हर्ट्झची गाळणी दिली आहे. ती मी विचार न करता मनातल्या मनात गणित करण्याच्या आमच्या प्रयोगावर लावली आणि मेंदूची प्रतिक्रिया जवळजवळ नाहीशी झाली. दोन दिवस मी शोधकाच्या जोडण्या तपासत होतो. आमचा गणिताचा टप्पा वीस सेकंदांचा आहे आणि विश्रांतीही सरासरी वीसच सेकंदांची, म्हणजे मुख्य वारंवारता ०.०२५ हर्ट्झ, ती गाळणीच्या खालच्या सीमेच्या निम्मी आहे. शिकवणीतले काम पाच सेकंदांचे होते, म्हणून तिथे ते आकडे योग्य होते. खालची सीमा ०.०१ हर्ट्झवर आणली आणि प्रतिक्रिया परत आली. गाळणीचे आकडे दुसऱ्याच्या प्रयोगातून उचलायचे नाहीत, हे भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवले आहे.

५ एप्रिल

गणिताच्या प्रयोगाचे पहिले सहा सहभागी पूर्ण झाले. एखाद्या तीन अंकी संख्येतून सात-सात वजा करत जायचे, ओठ न हलवता. कपाळावरील जवळजवळ सर्व चॅनेलांवर ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन टप्पा सुरू होताच वाढते, शेवटपर्यंत वर राहते आणि नंतर उतरते. सरासरीचा आलेख इतका देखणा आला की मी तो लगेच छापून सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी तो पाहून विचारले, ‘मेंदूने विचार केला की कपाळाला घाम फुटला?’

हा प्रश्न थट्टेचा वाटला तरी अचूक होता. वजाबाकी करताना माणूस थोडा तणावात येतो, नाडी वाढते, रक्तदाब किंचित चढतो, त्वचेतील रक्तवाहिन्यांचा ताण बदलतो; आणि हे सर्व टप्प्याबरोबर सुरू होते व टप्प्याबरोबर संपते. त्याची वारंवारता मेंदूच्या प्रतिक्रियेइतकीच असते, त्यामुळे गाळणीचा येथे काहीही उपयोग नाही. माहितीचे सरासरीकरणही निरुपयोगी ठरते, कारण योगायोगाने होणारा गोंगाट सरासरीत विरतो, पण कामाशी बांधलेला संकेत सरासरीत उलट अधिक उठून दिसतो. माझा आलेख देखणा दिसण्यामागे कदाचित हेच कारण असावे.

हा संशय नवा नाही. जपानमधील ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये शब्द आठवण्याच्या कामात कपाळावर मिळणारा संकेत त्वचेतील रक्तप्रवाहाचा किती प्रमाणात आहे हे तपासले. त्वचेवर दाब देऊन तेथील रक्तप्रवाह रोखला असता संकेत मोठ्या प्रमाणात घटला. पुढच्याच वर्षी किरिलिना आणि सहकाऱ्यांनी एमआरआय सोबत ठेवून दाखवले की कपाळावरील या कृत्रिम संकेतांचा उगम त्वचेतील रक्त वाहून नेणाऱ्या शिरांपाशी आहे. मी हे दोन्ही शोधनिबंध फेब्रुवारीत वाचले होते आणि तरीही आलेख छापला होता, ही गोष्ट येथे लिहून ठेवणे आवश्यक वाटते.

१९ एप्रिल

बाहेर पुण्याचा एप्रिल आपले काम करत आहे. खोलीतील वातानुकूलन यंत्र दुपारी बंद पडले तेव्हा आम्ही टेबलावरचा पंखा लावला, आणि वारा कपाळावर आला त्या क्षणापासून पुढची चार मिनिटे कपाळावरची सर्व चॅनेल एकाच दिशेने घसरत गेली. शरीराचे तापमान राखण्यासाठी त्वचा आपला रक्तप्रवाह मोठ्या प्रमाणात कमी-जास्त करते आणि आमचे यंत्र ते इमानदारीने नोंदवते. आजचे मापन रद्द केले. यापुढे सत्रे सकाळी दहापूर्वी, खोली अर्धा तास आधी थंड करून आणि सहभागीला पंधरा मिनिटे शांत बसवूनच सुरू होतील.

त्वचेचाच संकेत मोजणारे जवळच्या अंतरावरचे जादा शोधक, म्हणजे शॉर्ट चॅनेल, मागवले आहेत; ते येईपर्यंत काय करता येईल यावर दोन आठवडे प्रयोग केले. एक मार्ग असा की त्वचेचे संकेत सर्व चॅनेलांवर जवळपास सारखे असतात, तर मेंदूची प्रतिक्रिया ठरावीक जागी असते. म्हणून सर्व चॅनेलांची सरासरी किंवा त्यांचा मुख्य घटक, म्हणजे त्यांच्यातील सर्वांत मोठा सामायिक चढउतार, काढून तो वजा करायचा. बोटांच्या हालचालीसाठी हे ठीक चालते. कपाळावर मात्र आमची सोळाही चॅनेल एकाच भागावर दाटीने बसलेली आहेत, तेव्हा जे सर्वत्र आहे ते त्वचेचेच असा निष्कर्ष काढता येत नाही. मेंदूचा अग्रभागही त्या सर्वांखाली एकदम सक्रिय झालेला असू शकतो.

दुसरा मार्ग ऑक्सिजन गमावलेल्या हिमोग्लोबिनकडे पाहण्याचा. मेंदूचा भाग सक्रिय झाला की तेथे गरजेपेक्षा अधिक रक्त येते, म्हणून ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन वाढते आणि दुसरे घटते. त्वचेचा परिणाम मुख्यतः पहिल्यावर दिसतो, कारण धमन्यांतील रक्त जवळजवळ पूर्णपणे ऑक्सिजनयुक्त असते आणि त्याचे प्रमाण वाढले तरी दुसऱ्या प्रकारात फारसा फरक पडत नाही. या विरोधी नात्याचा आधार घेऊन संकेत सुधारण्याची एक पद्धत २०१० मध्ये सुचवली गेली. ती दोन्ही प्रकार एकमेकांचे नेमके उलटे प्रतिबिंब असतात असे गृहीत धरून त्यांची पुनर्रचना करते. मी ती चालवून पाहिली आणि आलेख स्वच्छ झाले. परंतु त्यामुळे हातातला एकमेव स्वतंत्र साक्षीदार गेला. दुसरा प्रकार खरोखर घटला का, हे ज्यावरून तपासायचे, तेच आता गृहीतकाने भरून टाकलेले होते. डोक्याच्या हालचालींचे झटके काढण्यासाठी या पद्धतीचा उपयोग असेल, पण आमच्या प्रश्नासाठी मी ती बाजूला ठेवली.

मूळ, न सुधारलेल्या नोंदींत पाहिले, तर सहापैकी दोघांतच दुसरा प्रकार घटलेला दिसतो. उरलेल्या चौघांत तो सपाट आहे किंवा किंचित वाढलेला आहे. छापलेला आलेख टेबलावरून परत आणला.

८ मे

शॉर्ट चॅनेल आले. ही कल्पना सागर आणि बर्गर यांनी २००५ मध्ये मांडली: प्रकाशस्रोताच्या अगदी जवळ एक जादा शोधक ठेवला, तर त्याच्यापर्यंत पोचणारा प्रकाश त्वचा आणि कवटीच्या वरच्या भागातूनच परततो, मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणजे तो शोधक त्वचेचा गोंगाट तेवढा मोजतो आणि मग लांब अंतराच्या चॅनेलमधून तो वजा करता येतो. हे अंतर किती असावे? प्रौढांच्या डोक्यासाठी ब्रिगादोई आणि कूपर यांनी २०१५ मध्ये संगणकीय प्रतिमानांवरून ८.४ मिलिमीटर हे योग्य अंतर सुचवले, तर नवजात अर्भकासाठी ते २ मिलिमीटरच्या जवळपास भरते, कारण तान्ह्या बाळाची त्वचा आणि कवटी इतकी पातळ असते की ८ मिलिमीटरवर मेंदूच दिसू लागेल. आमच्या टोपीतील खाचा ८ मिलिमीटरच्या आहेत.

पहिल्याच दिवशी आठपैकी पाच शॉर्ट चॅनेलांवर सरळ, सपाट रेषा आली. मला वाटले की त्वचा आज शांत आहे. प्रत्यक्षात डोक्यातील प्रकाश अंतराच्या प्रत्येक सेंटीमीटरला साधारण दहापट मंदावतो, म्हणून ३ सेंटीमीटरला जुळवलेला शोधक ८ मिलिमीटरवर शंभरपटीहून अधिक प्रकाश पाहत होता आणि त्याची क्षमता संपून तो कमाल आकड्यावर अडकला होता. त्या शोधकांची संवेदनशीलता वेगळी, अगदी खालच्या पायरीवर आणली तेव्हा तेथे नाडी दिसू लागली. हृदयाच्या ठोक्याची तपासणी शॉर्ट चॅनेलांवरही करायची, हा नियम त्यामुळे झाला.

२० मे

वजाबाकीच्या प्रयोगाचे सर्व सहभागी शॉर्ट चॅनेलांसह पुन्हा मोजून झाले. आधी विश्लेषणाची पद्धत कोणती निवडली आणि का, ते लिहितो, कारण सहा महिन्यांनी मलाच ते आठवणार नाही.

सर्वांत सोपी रीत म्हणजे लांब चॅनेलवर शॉर्ट चॅनेल किती पट बसतो ते काढून तेवढे वजा करणे आणि उरलेल्या संकेतात प्रतिक्रिया शोधणे. यात एक धोका आहे. त्वचेचा संकेत आणि मेंदूची प्रतिक्रिया दोन्ही कामाशी बांधलेली असतील, तर ती एकमेकांशीही सहसंबंधित असतात. अशा वेळी आधी वजाबाकी केली की मेंदूच्या वाट्याचा काही भागही त्वचेच्या खात्यावर जातो. म्हणून आम्ही दोन्ही एकाच प्रतिमानात ठेवतो: एका बाजूला कामाच्या वेळांपासून तयार केलेली अपेक्षित प्रतिक्रिया, दुसऱ्या बाजूला शॉर्ट चॅनेल, सोबत संथ घसरणीसाठी काही पदे, आणि मग सर्वांचे गुणक एकदमच काढायचे. दोघांनी मिळून जे स्पष्ट केले आहे त्याची विभागणी निदान प्रामाणिकपणे होते आणि अनिश्चितता गुणकाच्या त्रुटीत दिसते. दोन्ही प्रकारच्या हिमोग्लोबिनसाठी शॉर्ट चॅनेलवर मोजलेले हिमोग्लोबिनचे दोन्ही प्रकार प्रतिमानात दिले आहेत.

कोणता शॉर्ट चॅनेल कोणत्या लांब चॅनेलसाठी, हाही प्रश्न आहे. गान्यों आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की शॉर्ट चॅनेल लांब चॅनेलपासून जसजसा दूर जातो तसतसा त्याचा उपयोग घटतो, कारण त्वचेचा रक्तप्रवाह डोक्यावर सर्वत्र सारखा नसतो. आमच्याकडे आठच शॉर्ट चॅनेल आहेत, म्हणून त्यांतील सर्वांत जवळचा आणि शिवाय आठांचे पहिले दोन मुख्य घटक अशी तडजोड केली.

निकाल असा: कपाळावरील ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनची वाढ बहुतेक सहभागींत निम्म्याहून अधिक घटली आणि कित्येक चॅनेलांवर ती शून्यापासून वेगळी राहिली नाही. डाव्या बाजूच्या काही चॅनेलांवर लहान प्रतिक्रिया टिकून आहे आणि तेथे दुसरा प्रकारही घटतो आहे. एप्रिलचा तो देखणा आलेख बव्हंशी कपाळाच्या कातडीचा होता.

३१ मे

आज शब्द आठवण्याच्या कामाची चाचणी घेतली. ‘क’ने सुरू होणारे शब्द तीस सेकंद मोठ्याने सांगायचे. त्यात एक निवृत्त शिक्षक सहभागी झाले होते. त्यांनी शब्द संपल्यावर स्वतःहून औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणायला सुरुवात केली, ‘एक औट औट, बे औटे सात’ असे करत एका दमात दहापर्यंत गेले, आणि आम्हांला कोणालाही त्यांना थांबवण्याचा धीर झाला नाही. ती नोंद प्रयोगासाठी निकामी होती, पण फार उद्बोधक ठरली. म्हणताना सर्व चॅनेलांवर, कपाळावर आणि डोक्याच्या बाजूंनाही, ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन हळूहळू खाली गेले आणि थांबल्यावर वर आले.

बोलताना श्वासाचा ताल बदलतो, आणि एका दमात पाढे म्हणून मध्येच खोल श्वास घेणारा माणूस रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडची पातळी बदलत असतो. हा वायू मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावणारा अत्यंत प्रभावी घटक आहे. त्याचे प्रमाण घटले की त्या आकुंचन पावतात. हा परिणाम त्वचेतला नसून मेंदूतलाच असतो, तरी तो विचाराचा परिणाम नसतो. म्हणून शॉर्ट चॅनेल येथे पूर्ण संरक्षण देऊ शकत नाही, कारण तो त्वचाच पाहतो. आमच्या कामाच्या नावातच ‘शरीराचे नको असलेले संकेत’ म्हटले आहे, ‘त्वचेचे’ नाही, हे मला आज नीट कळले.

निर्णय: मोठ्याने बोलण्याची कामे या प्रकल्पातून वगळली. छातीवर श्वासपट्टा आणि नाकाजवळ उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड मोजणारी नळी, दोन्ही प्रत्येक सत्रात लावायचे.

१६ जून

श्वासपट्टा, बोटावरील नाडीमापक आणि कार्बन डाय-ऑक्साइडची नळी हे तिन्ही संकेत प्रतिमानात घालण्याचा प्रयत्न केला. वेळेतील अंतराने पहिला अडथळा आणला. रक्तदाबाचा हेलकावा बोटावर आणि डोक्यावर एकाच क्षणी पोचत नाही, आणि उच्छ्वासातील बदलाचा परिणाम मेंदूवर दिसायला काही सेकंद लागतात. शिवाय हे अंतर प्रत्येक माणसात वेगळे असते. प्रत्येक संकेताच्या पुढे-मागे सरकवलेल्या अनेक प्रती घालून त्यांतून सर्वाधिक जुळणारी मिश्रणे शोधण्याची पद्धत फोन ल्यूमन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडली, ती वापरली. प्रती वाढवत गेलो तसा उरलेला गोंगाट कमी होत गेला आणि मी खूश झालो. मग सरांनी एका सहभागीच्या श्वासपट्ट्याचा संकेत दुसऱ्या सहभागीच्या नोंदीत घालायला सांगितला, आणि गोंगाट तेव्हाही बऱ्यापैकी कमी झाला. पुरेशी पदे दिली की प्रतिमान काहीही गिळते. आता मिश्रणे विश्रांतीच्या नोंदीवर शिकवायची आणि कामाच्या नोंदीवर जशीच्या तशी लावायची, एवढेच ठेवले आहे.

२ जुलै

जी चाचणी पहिल्या आठवड्यातच करायला हवी होती, ती आज केली. विश्रांतीच्या नोंदी घेतल्या, त्यांत यादृच्छिक जागी खोट्या ‘काम सुरू’ अशा खुणा टाकल्या आणि संपूर्ण विश्लेषण शेकडो वेळा चालवले. तेथे काहीच घडलेले नाही, म्हणून पाच टक्क्यांच्या पातळीवर शंभरातील पाचच्या आसपास वेळाच ‘प्रतिक्रिया सापडली’ असे उत्तर यायला हवे. साध्या रिग्रेशनने, म्हणजे प्रतिमानातील गुणक काढण्याच्या नेहमीच्या रीतीने, ते त्याच्या कितीतरी पट अधिक वेळा आले, शॉर्ट चॅनेल घालूनसुद्धा.

याचे कारण संख्याशास्त्रातले आहे. सेकंदाला दहा नमुने घेतले म्हणून दहा स्वतंत्र माहितीचे तुकडे मिळत नाहीत. संथ शारीरिक हेलकाव्यांमुळे एक नमुना आधीच्या नमुन्याची जवळजवळ नक्कल असतो, आणि साधी पद्धत त्यांना स्वतंत्र समजून स्वतःच्या अचूकतेविषयी अतिशयोक्ती करते. बार्कर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सुचवलेली पद्धत उरलेल्या संकेतातील हे परस्परावलंबन आधी मोजून काढून टाकते आणि डोके हलल्याने आलेल्या टोकाच्या नमुन्यांना कमी वजन देते. ती लावल्यावर खोट्या उत्तरांचे प्रमाण अपेक्षेच्या जवळ आले.

याच्या उलट चाचणीही केली: विश्रांतीच्या नोंदीत माहीत असलेल्या आकाराची कृत्रिम प्रतिक्रिया मिसळायची आणि ती परत सापडते का ते पाहायचे. गोंगाट कमी करण्याच्या प्रत्येक पद्धतीची या दोन्ही बाजूंनी परीक्षा व्हायला हवी, कारण सर्व काही पुसून टाकणारी पद्धत पहिल्या चाचणीत नेहमीच उत्तीर्ण होते.

१५ जुलै

विश्लेषणाचा तोच क्रम एमएनई-पायथॉनसोबत मिळणाऱ्या मुक्त नोंदीवर चालवला. तिच्यात एकच सहभागी आहे, डाव्या आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांना टेकवणे आणि काहीच न करणे अशा तीन अवस्था प्रत्येकी तीस वेळा आहेत, आणि आठ शॉर्ट चॅनेल आहेत. शॉर्ट चॅनेल घातल्यावरही हालचालीची प्रतिक्रिया हाताच्या विरुद्ध बाजूच्या गोलार्धावर ठळकपणे टिकते, दुसरा प्रकार घटतो आणि ‘काहीच न करणे’ सपाट राहते. आमच्या स्वतःच्या बोटांच्या नोंदींतही हेच चित्र आहे. म्हणजे पद्धत मेंदूला पुसत नाही. कपाळावर जे पुसले गेले ते बव्हंशी मेंदूचे नव्हते, एवढे म्हणण्याइतका आधार आता आहे.

२८ जुलै

परिषदेसाठी पाठवायच्या सारांशावर सरांशी चर्चा झाली. मार्चमध्ये ठरवलेल्या शीर्षकात ‘मानसिक गणितातील अग्र-मेंदूची सक्रियता’ असे शब्द होते, ते काढले. प्रत्येक निकाल सुधारणेपूर्वी आणि सुधारणेनंतर असा शेजारी शेजारी दाखवायचा, दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन द्यायचे, वगळलेल्या चॅनेलांची संख्या द्यायची आणि एप्रिलचा आलेख ‘शॉर्ट चॅनेलविना’ या मथळ्याखाली पहिल्या पानावर टाकायचा असे ठरले. डाव्या बाजूची लहान प्रतिक्रिया दावा म्हणून मांडायची की नाही यावर एकमत झाले नाही. सरांना ती खरी वाटते. मला त्या जागी शॉर्ट चॅनेल सर्वांत दूर आहे ही गोष्ट खटकते. त्या बाजूला दोन शॉर्ट चॅनेल हलवून चार जणांना पुन्हा बोलवायचे आहे.

त्यांतील पहिल्या सहभागी बाई परवा सकाळी नऊ वाजता येतील. केस धुऊन, तेल न लावता येण्याविषयी त्यांना आज फोनवर सांगितले. त्यांनी विचारले की मागच्या वेळी जो निकाल आला होता तो चुकला होता का, आणि मी सांगितले की तो मोजण्यात चुकला नव्हता, तो कपाळाचा होता.